माया

शिवणकामात माया म्हणजे
शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं जादा कापड.
मिरजेच्या क्लासमध्ये कुंभोजकर बाई म्हणायच्या,
पोरींनो, माया सोडा.
माणूस आहे तसा राहत नाही.

इथे फेएटव्हिलला, यॅडकिन रोडवर,
छावणीच्या गेटापासून दीड मैलावर,
मिसेस सो यांच्या दुकानात
अकरा वर्षं मी सैनिकांच्या छातीवर
त्यांचीच नावं शिवते आहे.
ओकाफोर. लिंडक्विस्ट. ट्रेव्हिन्यो.
माझ्या जिभेला अजून जमत नाहीत,
सुईला पहिल्याच दिवशी जमली.

लिंडक्विस्ट वीस वर्षांची.
तिच्या गावातली कागदाची गिरणी बंद पडली
आणि भरतीचं दुकान तेवढं उघडं राहिलं.
म्हणाली, आयुष्यात पहिल्यांदा
दाराला माझं एकटीचं कुलूप आहे.
विमानातून उडी मारायचे वेगळे पैसे मिळतात,
त्यातून तिने आईचे दात करून घेतले.
भीती वाटते का गं?
तर म्हणे, दार उघडेपर्यंत.
मग वाराच एवढा ओरडतो
की भीतीचं काही ऐकू येत नाही.

ट्रेव्हिन्यो बावीस वर्षं काढून निघाला.
समारंभासाठी जुना कोट घेऊन आला,
पोटावर बटण लागेना.
मी बाजू उसवली
तर आतली दोन बोटं निळाई
कालच ठाणातून फाडल्यासारखी.
बाहेर सगळं विटलेलं.
तो बघतच राहिला.
मग हसत हिशेब सांगितला:
घर झालं, पेन्शन आहे,
दोन्ही पोरांची कॉलेजं फुकट,
डाव्या कानात शिट्टी, ती बंद होत नाही,
गुडघे गेले, बायको गेली,
धाकटी जन्मली तेव्हा मी फोनवर होतो,
आणि फोन मधेच कटला.
हे सगळं एकाच दमात,
कशाला जमेत धरायचं, कशाला खर्चात,
ते त्यालाही ठरवता येत नसावं.

आमच्याकडे कुणी पैसा केला की म्हणतात,
बरीच माया जमवली.
जीव लावला तरी माया.
तोच शब्द.
म्हाताऱ्या भाषेने काय बघून ठेवलं होतं कोण जाणे.

दुकानाच्या मागच्या भिंतीला एक दांडी आहे.
तिच्यावर न नेलेले कपडे.
बदली झाली असेल, विसरला असेल,
पैसे नसतील.
पावतीवरची तारीख मिसेस सो वाचत नाहीत,
मीही नाही.
दर सोमवारी त्या धूळ तेवढी झटकतात.

मागच्या चैत्रात निनादने सही केली.
एकोणीस वर्षांचा.
कॉलेजचे पैसे मिळतील, आई, कर्ज नको.
त्याचे बाबा दोन दिवस बोलले नाहीत,
तिसऱ्या दिवशी गाडीला स्टिकर लावून आले,
अभिमानी बाप वगैरे लिहिलेलं, जरा तिरकं चिकटलेलं.
रात्री विमानं छपरावरून जातात
तेव्हा फडताळातल्या वाट्या किणकिणतात.
पूर्वी मी कूस बदलायचे.
आता मोजते.

हुपरीकर.
आठ इंग्रजी अक्षरं. पट्टीत बसली.
सरळ रेषेत बसली याचा मला आनंद झाला,
हे लपवणार नाही.

आज तो स्टुलावर उभा आहे,
हात बाजूला, हनुवटी वर,
लहानपणी नवीन शर्टाला उभा राहायचा तसा,
फक्त आता हलत नाही.
म्हणतो, कमरेत अजून आवळ.
तोंडात टाचण्या धरून मी हं म्हणते.
तपासणीला येणारा बाहेरून बघतो,
कोट उसवून कोणी बघत नाही.

तू पंचेचाळिसाचा हो.
ढेरपोट्या हो, रागीट हो, टक्कल पडू दे,
बटण लागत नाही म्हणून माझ्यावर खेकस.

अजून आवळ, तो म्हणतो.
आवळते.
कात्री मात्र लावत नाही,
चांगली तीन बोटं
आत दुमडते.